घरगुती जनरेटरचा सुरक्षित वापर

लाइट गेल्यावर पेट्रोल किंवा डिझेलच्या छोट्या इंजिनावर घरापुरती २३० व्होल्टची वीज तयार करणारे यंत्र म्हणजे घरगुती जनरेटर. गोव्यात पावसाळी वाऱ्यात माड-फणसाच्या फांद्या तारांवर पडून वीज जाणे नेहमीचेच. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात तर झाडांसोबत खांबही कोसळले. दिवे-पंख्यांना इन्व्हर्टर पुरतो. विहिरीचा पंप, फ्रीज चालवायचे असले की जनरेटर काढला जातो.

सर्वांत मोठा धोका धुराचा. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, आणि झोपेतल्या माणसाला तेवढेही कळत नाही. पाऊस लागू नये म्हणून यंत्र पडवीत किंवा बाल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओसरीत) ओढले जाते, ते नेमके चुकते. अनेक जुन्या कौलारू घरांत आतल्या भिंती छपरापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे पडवीतला वायू माळ्यावरून सगळ्या खोल्यांत उतरतो. खिडक्या उघड्या ठेवून भागत नाही. घरापासून किमान ६ मीटरवर, चिऱ्यांच्या ओट्यावर, चारी बाजू मोकळ्या असलेले पत्र्याचे छप्पर उभारावे. धुराचे तोंड आपल्या आणि शेजाऱ्यांच्याही खिडक्यांपासून दूर असावे. कोणाला चक्कर आली तर त्याला आधी मोकळ्या हवेत न्यावे, मग १०८ ला फोन करावा.

दुसरा धोका दुसऱ्याच्या जिवाचा. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर जनरेटरमधून भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचली, की वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते आणि ट्रान्सफॉर्मर तिचे ११,००० व्होल्ट करू शकतो. त्याच वेळी भर पावसात लाइनमन खांबावर चढलेला असतो. अशी वायर घरात असूच नये. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच, बसवून घ्यावा. या स्विचने लाइनच्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा तोडल्या पाहिजेत. अर्थिंगही वायरमनकडूनच तपासून घ्यावे.

पेट्रोल भरताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरात समया तेवत असतात, तेव्हा कॅन घराबाहेरच ठेवावा. पंपाची मोटर सुरू होताना चालू भाराच्या कैक पट करंट ओढते, म्हणून ती आधी चालू करून मग फ्रीज लावावा. एक्स्टेंशनची वायर जाड असावी आणि पूर्ण उलगडावी, गुंडाळलेली तापते.