गरम गाडी सेल्फ मारूनही सुरू का होत नाही

गेल्या रविवारी काकांची १९७२ ची कार्ब्युरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) गाडी घेऊन खंबाटकी चढलो, वर चहाला दहा मिनिटं थांबलो आणि निघताना गाडी सुरूच होईना, सकाळी थंडगार असताना मात्र अर्ध्या सेल्फमध्ये उठली होती. टपरीवर एकजण म्हणाला बॅटरी उतरली, दुसरा म्हणाला पेट्रोलमधल्या इथेनॉलचा प्रताप. सेल्फ जोरात फिरत होता म्हणजे बॅटरी ठणठणीत. आणि इथेनॉलमुळे पेट्रोलची वाफ थोडी लवकर होते हे खरं, पण हा त्रास इथेनॉल यायच्या कितीतरी आधीपासूनचा आहे, उगाच सगळं खापर त्याच्यावर फोडू नका.

पाणी १०० अंशांना उकळतं, पण पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण, त्यातले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतात. गाडी चालू असताना पंखा फिरतो, रेडिएटरचं पाणी खेळतं, टाकीतून ताजं पेट्रोल येत राहतं. इंजिन बंद केलं की हे सगळं थांबतं, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता जाणार कुठे, ती पंपात आणि कार्ब्युरेटरमध्ये चढते, म्हणून बंद केल्यावर थोडा वेळ बॉनेटखाली उलट जास्त तापतं.

आता खरी गंमत पंपात. जुन्या गाड्यांत तो इंजिनलाच बोल्टने जोडलेला असतो आणि आतला पडदा मागेपुढे होऊन टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढायचं म्हणजे तिथला दाब कमी करायचा, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो, महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं ना, तसंच. म्हणजे पंप जेवढा ओढतो तेवढी वाफच होते, ती वाफ नुसती दाबली जाते, फुगते, परत दाबली जाते, पेट्रोल पुढे सरकतच नाही. याला म्हणतात व्हेपर लॉक.

दुसरा प्रकार उलटा. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून जेटमधून, म्हणजे त्याच्या बारीक भोकातून, इंजिनात सांडतं. १ ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, इथे पेट्रोलच इतकं होतं की ठिणगी पडूनही पेट घेत नाही. अशा वेळी चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) अजिबात ओढू नका, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, पण सारखा दाबू-सोडू नका, प्रत्येक वेळी आणखी पेट्रोल आत जातं.

ओळखायचं वासावरून. आमच्या गाडीला पेट्रोलचा वास नव्हता, म्हणजे लॉक. ओला रुमाल पंपावर ठेवला, माठासारखंच, पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. तीनदा भिजवला, चौथ्या सेल्फला इंजिन लागलं. एवढं करूनही नाही लागलं तर इग्निशन कॉइल बघा, तीही तापली की ठिणगी कमजोर पडते.