ऱ्हायनोस्पोरिडिओसिस

नाकाच्या आतल्या अस्तरावर गाठीसारखी वाढ करणारा, वर्षानुवर्षे रेंगाळणारा दाहजन्य संसर्ग. नाकामागचा घसा, डोळ्याची पापणी, अश्रुपिशवी आणि अगदी क्वचित त्वचा किंवा सायनस यांतही तो आढळतो. जगभरात दुर्मीळ असलेल्या या रोगाचे बहुतेक रुग्ण भारत आणि श्रीलंकेतले आहेत. भारतात तमिळनाडू, केरळ, ओडिशा, छत्तीसगड आणि पश्चिम बंगाल या भागांत तो अधिक दिसतो.

एका बाजूचे नाक चोंदते, शेंबडातून रक्त येते, अधूनमधून घोळणा फुटतो. ‘नाकात मास वाढलंय’ एवढेच सांगत रुग्ण येतो आणि घरच्यांच्या मनात कॅन्सरची धास्ती असते. ही वाढ कर्करोग नव्हे, हे त्यांना लवकर कळायला हवे. मात्र ते डोळ्यांनी पाहून ठरवायचे नसते. काढलेला तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे.

गाठ लालसर, मऊ, कधी देठाची तर कधी रुंद बुडाची असते. पिकलेल्या स्ट्रॉबेरीसारखा तिचा पृष्ठभाग बारीक पांढरट ठिपक्यांनी भरलेला असतो. हे ठिपके म्हणजे पक्व बीजाणुधान्या, म्हणजे रोगजंतूच्या बीजाणूंनी (नवे जंतू तयार करणाऱ्या सूक्ष्म पेशींनी) भरलेल्या पिशव्या. एकेक साधारण 0.1 ते 0.35 मिलिमीटर व्यासाची, म्हणून नुसत्या डोळ्यांनाही दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या जाड भिंतीच्या आत हजारो बीजाणू दाटीवाटीने बसलेले दिसतात आणि भोवती दाहपेशींचा गराडा असतो. हे चित्र एकदा पाहिले की निदानाबद्दल शंका उरत नाही. नाकातला साधा पॉलिप (अस्तराची सुजून लोंबणारी वाढ) फिकट, करडा आणि गुळगुळीत असतो, हात लागला तरी सहसा रक्त येत नाही. ही गाठ मात्र जरा धक्का लागताच भळभळते.

ग्विलेर्मो सीबर यांनी 1900 मध्ये ब्युनोस आयर्स येथे या रोगजंतूचे वर्णन केले. 1903 मध्ये कलकत्त्यात ओकिनेली यांनी नाकाच्या पडद्यावरची अशीच गाठ नोंदवली. अॅशवर्थ यांनी 1923 मध्ये एडिनबरा येथे त्याचे जीवनचक्र मांडले आणि त्याला बुरशी ठरवले. ‘ऱ्हायनोस्पोरिडियम सीबेरी’ हे नाव त्यांचेच. हा समज पुढे पाऊणशे वर्षे टिकला. 1999 च्या सुमारास जनुकीय अभ्यासातून हा जीव बुरशी आणि प्राणी यांच्या सीमेवरच्या, माशांच्या परजीवींचा समावेश असलेल्या गटात जातो असे दिसले. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या माध्यमांवर तो वाढत नाही, त्यामुळे त्याच्यावरचे संशोधन फार अवघड होऊन बसले आहे.

संसर्गाचा धागा पाण्याकडे जातो. साचलेली तळी, डबकी, गुरे धुण्याच्या जागा आणि नदीपात्र यांच्याशी रोजचा संबंध असलेल्यांत रुग्ण जास्त सापडतात. या धाग्याचे एक टोक पुण्यात आहे. 1933 मध्ये नोरोन्हा यांनी पुण्यातल्या वाळू कामगारांमध्ये या रोगाचे प्रमाण लक्षणीय असल्याची नोंद प्रसिद्ध केली. पाण्यात बुडी मारून वाळू उपसताना तिचे कण नाकाच्या अस्तराला ओरखडे काढतात आणि त्यातून जंतू शिरकाव करतात, असे मानले जाते. माणसाकडून माणसाला हा रोग लागत नाही. रुग्णाला वेगळे ठेवणे म्हणजे त्याच्यावर निव्वळ अन्याय होय. गाई-बैल, घोडे आणि कुत्र्यांनाही तो होतो.

उपचार शस्त्रक्रियेचा. दुर्बिणीतून गाठ बुडापर्यंत काढायची आणि तिची मुळाची जागा विद्युतप्रवाहाने डागायची. हे डागणे टाळले, किंवा गाठ ओढताना फुटून बीजाणू शेजारच्या अस्तरावर सांडले, तर ती पुन्हा उगवते. शस्त्रक्रियेत रक्तस्राव बराच होतो, त्यासाठी आधीच तयारी ठेवावी लागते. कुष्ठरोगावरचे डॅप्सोन हे औषध पुढे काही महिने देतात. त्याने बीजाणुधान्या पक्व होण्यास अडथळा येतो. ते सुरू करण्यापूर्वी रक्तातील हिमोग्लोबिन आणि जी-6-पीडी (तांबड्या पेशींचे रक्षण करणारे विकर, म्हणजे एन्झाइम) तपासणे आवश्यक असते. पहिली गाठ गेल्यावर काही वर्षांनीही दुसरी येऊ शकते. म्हणून नाक मोकळे वाटत असले तरी रुग्णाने ठरावीक काळाने तपासणीला यावे. तळ्यावर किंवा वाळूच्या कामावर परतणाऱ्याने तर आवर्जून यावे.