सोनकी : नावांचा गुंता आणि ओळखीच्या खुणा

चवथ होऊन पाऊस ओसरू लागला की गोवा-कर्नाटक सीमेवरच्या चोर्ला घाटाचा माथा आणि सुर्ल्याच्या बाजूचे सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारं, पिवळे होतात. फोटो काढणारे सरसकट सगळ्याच पिवळ्या फुलांना ‘सोनकी’ म्हणतात. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

1881 साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथात सोनकीचं शास्त्रीय नाव ‘सेनेसियो ग्राहमी’ असं छापलं गेलं. पण तेच नाव आधी दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेलं होतं. शास्त्राच्या नियमाप्रमाणे नंतरचं नाव बाद ठरतं, म्हणून पुढे ‘सेनेसियो बॉम्बेएन्सिस’ हे नाव आलं. नियम म्हणून हे योग्यच झालं. मात्र नवं नाव मुंबईचं का? झाड सह्याद्रीचं आहे, गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या माथ्यावरही तेवढ्याच हक्काने फुलतं. मला हे नाव आजही खटकतं. शिवाय जुनं नाव सुटलेलं नाही. कितीतरी पुस्तकांत ‘ग्राहमी’च आहे आणि वाचकाला ती दोन वेगळी फुलं वाटतात.

गोव्याच्या वाट्याला तेव्हा पोर्तुगीज राजवट होती. गोवा आणि सावंतवाडीची सूची 1898 साली पोर्तुगीजमध्ये निघाली खरी, पण ती औषधी, खाण्याच्या आणि उद्योगाला लागणाऱ्या वनस्पतींची. गोव्यासह दीव, दमणचा दोन खंडांतला वनस्पतिग्रंथ यायला 1985-86 उजाडलं. 2012 मध्ये कास पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि सोनकी म्हणजे कास हे समीकरण पक्कं झालं. आपले सडे त्यात मागे पडले.

मराठी नावही एकट्या जातीचं नाही. सेनेसियोच्या दुसऱ्या जातींनाही लोक सोनकीच म्हणतात. त्यातल्या ‘एजवर्थी’च्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढुरकी लव असते. बाकीची पिवळी फुलं मात्र वेगळीच. कवळा हे रोपही पिवळं फुलतं, पण तो शेंगावर्गातला, त्याचं फूल वालाच्या फुलाच्या घडणीचं. कारळ्याची, म्हणजे तेलबियांच्या खुरासणीची, पानं समोरासमोर, तर सोनकीची एकाआड एक. रस्त्याकडेला पसरणारी, बागेतून सुटलेली पिवळी वेडेलिया अमेरिकेतून आलेली आहे, तिचीही पानं समोरासमोर असतात.

सोनकीचं फूल उलटं करून पाहावं. खालची हिरवी पानोळी, म्हणजे फुलाला वेढणारी छोटी पानं, एकाच ओळीत, एकमेकींना चिकटून उभी असतात, तळाशी फार तर दोन-चार बारीक. पाकळ्या वाटतात ती प्रत्यक्षात वेगवेगळी फुलं आहेत, मधली चकतीही बारीक फुलांचीच.

सगळ्यात भरवशाची खूण बी धरल्यावर दिसते. सोनकीच्या बीला मऊ पांढऱ्या केसांचा झुबका असतो, कारळ्याच्या बीला तो नसतो. सेनेसियो हे नावही लॅटिनमधल्या ‘म्हातारा’ या अर्थाच्या शब्दावरून आलंय, ते या पांढऱ्या केसांमुळे. आपण अशा उडणाऱ्या बीला आधीपासूनच म्हातारी म्हणतो.