लाल पेव्हर म्हणजे नक्की कुठला? भाजलेला की सिमेंटचा?

मुलुंडला माझ्या मामाचं बैठं घर आहे, पुढे तुळस आणि एक गाडी लागेल एवढं अंगण. जुन्या शहाबादी फरश्या हलायला लागल्या म्हणून मामा "विटांचे पेव्हर" (म्हणजे जमिनीवर फरशीसारखे बसवायचे ब्लॉक) सांगून आला आणि टेम्पोतून उतरले ते लाल रंगाचे सिमेंटचे ब्लॉक. आता दुकानदाराने फसवलं असंही म्हणता येत नाही, कारण आपल्याकडे विटेएवढं आणि लाल दिसलं की सगळे त्याला सरसकट लाल पेव्हरच म्हणतात.

खरा विटेचा पेव्हर म्हणजे माती दाबून भट्टीत साधारण हजार अंशाला भाजलेली वीट, त्यामुळे रंग आरपार तोच, झिजला तरी आत लालच. सिमेंटवाला म्हणजे सिमेंट, क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती), बारीक खडी आणि आयर्न ऑक्साइडचा रंग, आणि हा रंग बऱ्याचदा फक्त वरच्या थरात असतो, खाली नेहमीचं करडं काँक्रीट. म्हणून दुकानात गेलात की सरळ एक तुटका तुकडा मागा. कडेला करडा पट्टा आणि खडीचे दाणे दिसले तर सिमेंट, विषय संपला. दोन एकमेकांवर आपटले तर नीट भाजलेला खणखणतो, सिमेंटचा ठक्क करून गप्प बसतो.

आणि एक तिसरा भिडू आहे जो जास्त घोळ घालतो, तो म्हणजे भिंतीची साधी वीट. भिवंडी-शहापूरकडची हाताने पाडलेली वीट स्वस्त पडते म्हणून लोक तीच अंगणात टाकतात आणि दोन पावसाळ्यांत तिचे पापुद्रे निघतात. साधी वीट वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी प्यायली तरी बीआयएसला (म्हणजे भारतीय मानक ब्युरोला) चालते, सिमेंटच्या पेव्हरला मात्र सरासरी 6 टक्क्यांची मर्यादा आहे. घरी बघायचं तर नमुना कडकडीत उन्हात वाळवा, वाण्याच्या काट्यावर वजन करा, 24 तास बादलीत बुडवा, पुसून परत वजन करा. 3 किलोचा नग 180 ग्रॅमपर्यंत वाढला तर ठीक, अर्धा किलो वाढला तर तो भिंतीतच शोभतो.

मग घ्यायचा कुठला? माझं मत, बसायची जागा, तुळशीभोवती, बागेतली वाट असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर भाजलेला घ्या, उन्हाने फिका पडत नाही. पण चांगला माल बऱ्याचदा कर्नाटक-केरळकडून येतो आणि भाडं तुमच्याच बिलात लागतं. गाडी लावायची असेल तर 60 मिमी जाडीचा सिमेंटचा पुरे, सोसायटीत पाण्याचा टँकर आत येत असेल तर 80 च्या खाली जाऊ नका. फक्त रबर मोल्डमधला तो चकचकीत घेऊ नका हो, दिसतो छान पण जुलैत त्यावरून आजी घसरते. शेवाळ काय, सावलीत दोन्हींवर येतं. पांढरी बुरशी दिसते ती बुरशी नसून बहुतेक वेळा क्षार असतात, कोरड्या ब्रशने घासा, ॲसिड ओतलंत तर सिमेंटच्या ब्लॉकचा रंग आणि वरचा थर दोन्ही जातील.

बसवायची पद्धत मात्र दोघांचीही जवळपास सारखीच आणि खरी बोंब तिथेच असते. फुटपाथवरचा जो ब्लॉक पाय ठेवला की पचकन चिखल उडवतो ना, त्यात बिचाऱ्या ब्लॉकचा दोष क्वचितच असतो, खालची भरणी खचलेली असते. आधी चार ते सहा इंच खडी-मुरूम थराथराने दाबून घ्यायचा, उतार इथेच द्यायचा, दहा फुटांना साधारण अडीच इंच आणि तोही घराकडून बाहेर. त्यावर भरड रेतीचा इंच-दीड इंचाचा थर, क्रशरची डस्ट म्हणजे दगडाची भुकटी नको कारण ती पाणी धरून बसते. कडेला काँक्रीटची कड हवीच, नाहीतर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. गाडीखाली हेरिंगबोन पॅटर्न (माशाच्या काट्यासारखी आडवी-उभी रचना) लावा, चाक वळताना ब्लॉक एकमेकांना धरून ठेवतात. मग प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून दाबणारं यंत्र) फिरवायचा, भाजलेल्या विटेवर त्याच्या तळाला रबर लावून, नाहीतर कोपरे उडतात. शेवटी सांध्यांत बारीक कोरडी रेती झाडूने भरायची आणि हे काम मे संपायच्या आत उरका, ओली रेती सांध्यात उतरतच नाही.

मिस्त्री म्हणेल सिमेंटच्या मालात, म्हणजे सिमेंट-रेतीच्या मिश्रणात, पक्कं बसवून देतो. नको म्हणा. रेतीवरचे ब्लॉक पाइप टाकायला उचलून परत लावता येतात, मालातले फोडावे लागतात.

उरलेले तीसेक ब्लॉक मामाने तुळशीमागे रचून ठेवलेत, कारण पुढच्या लॉटचा लाल हुबेहूब तोच येईल असं नाही. मामी रोज कटकट करायची की विंचू होतील म्हणून, मग यंदा नळाची लाइन फुटली आणि त्यातले सहा कामाला आले.