गव्हर्नरच्या पावसाळ्यासाठी बांधलेले घर

गणेशखिंडीतली पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत शिकवण्यासाठी बांधलेली नाही. हा उंच मनोरा, कमानींचे लांब व्हरांडे, पुढची हिरवळ, सगळे एका माणसाच्या पावसाळ्यासाठी उभे केले गेले. तो माणूस म्हणजे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पाऊस लागला की पुणे, असे इलाख्याचे सरकार वर्षभर बिऱ्हाड हलवत असे.

जागेला त्याआधीचाही इतिहास आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूने खडकीकडे सरकली. बापू गोखल्यांच्या घोडदळाने चढाई केली, पण मधल्या दलदलीचा अंदाज कुणाला नव्हता. जरीपटका सांभाळणारे मोरो दीक्षित पडले. दुसरे बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. बाराव्या दिवशी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्या लढाईत दापोडीहून आपली पलटण घेऊन इंग्रजांना येऊन मिळालेला कॅप्टन फोर्ड आधी पेशव्यांच्याच पगारावर होता. त्याचा दापोडीचा बंगला पुढे सरकारने घेतला आणि गव्हर्नर पावसाळ्यात तिथे राहू लागले.

तो बंगला बार्टल फ्रियर यांना पुरेना. ते १८६२ मध्ये गव्हर्नर झाले, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस अडल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर आल्या होत्या आणि शहरात पैसा नुसता वाहत होता. त्या भरात १८६४ मध्ये गणेशखिंडीचे काम सुरू झाले. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा, वळण इटालियन. मग युद्ध संपले, १८६५ मध्ये मुंबईचा सट्टा कोसळला, पेढ्या बुडाल्या. बांधकाम मात्र चालूच राहिले. ते १८७१ मध्ये पुरे झाले तोवर फ्रियर इंग्लंडला परतलेही होते. खर्च इतका फुगला, की मुंबईच्या गव्हर्नरांच्या उधळपट्टीचा नमुना म्हणून या घराकडे विलायतेत बोट दाखवले गेले. त्या टीकेत मला तरी खोट दिसत नाही. वर्षातले जेमतेम चार महिने वापरायच्या घरासाठी हा थाट होता.

घर शहरापासून लांब होते, आणि तेच हवे होते. पण लांब म्हणजे रस्ता आला. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी इथे झाली. प्लेगच्या बंदोबस्तात घरोघर सोजीर घुसवणारा अधिकारी रँड हजर होता. रात्री बग्ग्या परतू लागल्या तेव्हा चापेकर बंधू गणेशखिंड रस्त्यावर दबा धरून होते. ‘गोंद्या आला रे आला’ ही खूण झाली. दामोदरपंतांनी रँडवर आणि बाळकृष्णांनी लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला गेला. गव्हर्नरचा हा वाडा पुण्याच्या तोंडी राहिला तो त्यातल्या दिवाणखान्यांमुळे नव्हे, बाहेरच्या त्या रस्त्यामुळे.

स्वातंत्र्यानंतर या मिळकतीचे करायचे काय, हा प्रश्न होताच. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले, पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. कारभार आधी भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमधून चाले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांनी पुढाकार घेतला, १ जून १९४९ रोजी विद्यापीठ या इमारतीत आले आणि ४११ एकरांचा परिसर त्याला मिळाला. मेजवान्या झडल्या तिथे अधिसभेच्या बैठका भरू लागल्या.

गंमत अशी, की जुना भाडेकरू पुरता गेलाच नाही. मिळकतीचा एक तुकडा राजभवन म्हणून राहिला. राज्यपालांचे पुण्यातले निवासस्थान अजून तिथेच आहे आणि विद्यापीठाचे कुलपतीही तेच.

उरलेली मोकळी जमीन हे विद्यापीठाचे खरे धन ठरले. इमारत कितीही देखणी असली तरी तिच्यात प्रयोगशाळा काय आणि किती मावणार? विभाग झाडांत पांगले. १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणक संशोधनाची संस्था निघाली आणि ‘परम’ महासंगणक पुण्यात घडला. त्याच वर्षी जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. तिचे आवार वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी रचले. शेजारीच गोविंद स्वरूप यांची रेडिओ खगोलशास्त्राची संस्था आहे. खोडदची महाकाय दुर्बीण तीच चालवते. गावात इतकी सलग जागा कुणाला मिळाली असती, असे मला वाटत नाही. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले.

गव्हर्नरच्या काळातलीच, १८७३ ची गणेशखिंड बाग आता कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथे फळझाडांवर संशोधन चालते. २०२० मध्ये ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली.

रस्त्याचे म्हणाल, तर शहराने तो केव्हाच गिळला. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडला गेला आणि त्या जागी दुमजली पूल घेतला. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचे खांब आता त्याच गणेशखिंड रस्त्यावरून जातात.