खोक्यात काय ठेवलंय, हे लक्षात कोणी ठेवायचं?

प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेलं खोकं. त्यात पूर्णांक, अपूर्णांक, मजकूर किंवा खरं-खोटं ठेवता येतं. दहा मिनिटांत हा धडा संपतो आणि शिकणारा पुढे लूपकडे, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करवून घेण्याकडे, वळतो. मला मात्र हा धडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातली मुख्य अडचण कोणी सांगतच नाही: आपल्यात काय ठेवलंय हे खोक्याला ठाऊक नसतं. ०१०००००१ हा बाइट, म्हणजे आठ बिटांचा (शून्य-एकांचा) गट, संख्या म्हणून वाचला तर ६५ आणि अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की तक्त्यानुसार वाचला तर रोमन लिपीतलं मोठं ए. तो कसा वाचायचा हे मेमरीत कुठेही लिहिलेलं नसतं, दुसऱ्या कोणीतरी लक्षात ठेवावं लागतं. ते कोणी ठेवायचं, या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेली उत्तरं म्हणजेच डेटा टाइपचा, म्हणजे खोक्यातल्या मूल्यांच्या प्रकारांचा, इतिहास.

माहीत नसलेल्या संख्येला नाव देण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या बीजगणितात अव्यक्त संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं आहेत. पहिलं सोडलं तर बाकीची रंगांची. युरोपातल्या गणितज्ञांपैकी व्हिएतने १५९१ मध्ये अज्ञात राशींसाठी स्वर आणि ज्ञात राशींसाठी व्यंजनं वापरली, तर देकार्तने १६३७ मध्ये वर्णमालेच्या शेवटची अक्षरं अज्ञातांना दिली. पण हे अव्यक्त गणित सुटेपर्यंत एकच असतं, मधेच बदलत नाही. संगणकातलं खोकं बदलतं. ‘क = क + १’ हे बीजगणितात सरळ चूक आहे आणि प्रोग्रॅममध्ये रोजचं आहे. फोरट्रान या सुरुवातीच्या प्रोग्रॅमिंग भाषेने यासाठी बरोबरचंच चिन्ह घेतलं. १९५८ साली अल्गोल ही भाषा घडवणाऱ्यांनी मात्र जाणीवपूर्वक कोलन आणि बरोबर अशी जोडी वापरली, म्हणजे ‘समान आहे’ आणि ‘यात ठेव’ यांत गल्लत होऊ नये. माझ्या मते बरोबर तेच होते. पुढे सी भाषेने साधं बरोबर घेतलं, आणि तेच सर्वदूर पसरलं.

सुरुवातीच्या यंत्रांवर नावंही नव्हती. केंब्रिजमध्ये १९४९ साली सुरू झालेल्या एडसॅकसारख्या यंत्रावर मेमरीतली जागा म्हणजे एक क्रमांक. त्या क्रमांकावर संख्या आहे की आज्ञा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतः सांभाळायचं. जर्मन अभियंता कोनराड झुसेने त्याआधीच, १९४२ ते १९४५ दरम्यान, प्लांकालक्युल नावाच्या भाषेचा आराखडा केला होता. एक बिट हा पायाभूत प्रकार आणि त्यातून रचत नेलेले मोठे प्रकार, इतका स्वच्छ विचार त्यात होता. तो पूर्ण स्वरूपात छापला गेला १९७२ मध्ये. तोवर जगाने वेगळ्या वाटेने तेच शोधलं होतं.

जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ साठी बनवलेली फोरट्रान १९५७ मध्ये आली. तिच्यात लक्षात ठेवण्याचं काम नावाच्या पहिल्या अक्षराकडे होतं. आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव पूर्णांकाचं, बाकी सगळी अपूर्णांकांची. गणितात पदांचे क्रमांक दाखवायला आय, जे, के, एन वापरायची सवय होतीच, तोच नियम झाला. वेगळी घोषणा करायची गरज नसे. पण त्यामुळे नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर यंत्र तक्रार न करता नवं खोकं उघडायचं. ही आपोआप सोय बंद करण्याची ओळ प्रमाण फोरट्रानमध्ये यायला फोरट्रान ९० उजाडावं लागलं.

अल्गोल ६० ने उत्तर बदललं. आधी सांगा, मग वापरा. सांगितलेलं कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, लक्षात ठेवेल. इंटिजर (पूर्णांक), रिअल (अपूर्णांक) आणि बुलियन (खरं-खोटं) ही तीन नावं तिथे ठळकपणे दिसतात. जवळपास त्याच काळात जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेने उलट टोक धरलं. प्रकार नावाला चिकटवायचाच नाही, तो मूल्याबरोबर फिरेल. आजची पायथन भाषा याच वाटेवरची.

सगळ्यात बोलकी गोष्ट सी भाषेची आहे. तिच्या आधीच्या बीसीपीएल आणि बी या भाषांत प्रकारच नव्हते. एकच गोष्ट होती, यंत्राचा शब्द, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तो बिटांचा गट. केन थॉम्पसन यांनी बी लिहिली ती पीडीपी-७ या अठरा बिटांच्या शब्दाच्या यंत्रावर, आणि तिथे ते खपून गेलं. मग बेल लॅब्जमध्ये पीडीपी-११ आलं. या यंत्रात प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता होता. बी मध्ये पॉइंटर, म्हणजे मेमरीतली जागा दाखवणारं मूल्य, हा शब्दाचा क्रमांक असे, त्यामुळे प्रत्येक वेळी त्याचं बाइटच्या पत्त्यात रूपांतर करावं लागे. एकेक अक्षर हाताळणं अवघड होत होतं, आणि अपूर्णांकांची संख्या सोळा बिटांच्या शब्दात मावणार नव्हती. डेनिस रिची यांनी १९७१ पासून बी मध्ये कॅर हा एका अक्षराचा प्रकार घालायला घेतला आणि त्यातूनच सी आकाराला आली. म्हणजे आज आपण भाषेचा पाया म्हणून शिकतो ते प्रकार एका विशिष्ट यंत्राच्या पत्त्यांच्या पद्धतीमुळे आले. म्हणूनच सी मध्ये इंट हा पूर्णांकाचा प्रकार किती बिटांचा हे पक्कं ठरलेलं नव्हतं. प्रमाणीकरणातही ‘किमान सोळा’ इतकंच ठरलं. १९९५ मध्ये जावाने ३२ ठरवून टाकले.

बिटांची मर्यादा किती महाग पडते हे ४ जून १९९६ ला दिसलं. एरियान ५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात, प्रज्वलनानंतर ३७ सेकंदांच्या आसपास, ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात भरली जात होती. ती मावली नाही आणि रॉकेट नष्ट झालं. कोड एरियान ४ मधून आलेला, भाषा एडा, म्हणजे प्रकारांबाबत अत्यंत काटेकोर. पण संगणकावरचा भार कमी ठेवण्यासाठी धोक्याच्या सातपैकी चारच व्हेरिएबलांना संरक्षण दिलेलं होतं. भाषा काटेकोर असली तरी प्रकार बदलण्याच्या त्या एका जागी माणसाचा निर्णय उरतोच.

दशांशांचा घोळ थोडक्यात सांगतो. १९८५ पूर्वी प्रत्येक यंत्राची रीत वेगळी होती. विल्यम काहान यांच्या पुढाकाराने अशा संख्यांसाठी आयईईई ७५४ प्रमाण आलं आणि सगळे एकसारखं मोजू लागले. ०.१ अधिक ०.२ केल्यावर ०.३०००००००००००००००४ येतं ते याच प्रमाणानुसार. एक तृतीयांश जसा दशमानात संपत नाही, तसा एक दशांश द्विमानात संपत नाही. जावास्क्रिप्टने १९९५ मध्ये सगळ्या संख्यांसाठी हाच एक प्रकार ठेवला. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांकांचाही भरवसा राहत नाही, आणि मोठ्या पूर्णांकांसाठीचा बिगइंट हा प्रकार प्रमाणात यायला २०२० उजाडलं.

दरम्यान रॉबिन मिल्नर यांच्या एमएल भाषेने सत्तरच्या दशकातच दाखवलं होतं की प्रकार लिहिण्याचीही गरज नाही, वापरावरून कंपायलर तो ओळखू शकतो. हा विचार मुख्य प्रवाहात यायला तीन दशकं लागली. दुसरीकडून पायथनने २०१५ मध्ये प्रकार लिहून ठेवण्याची सोय दिली. मात्र प्रोग्रॅम चालताना ती तपासली जात नाही. २०१५ सालच्याच रस्ट १.० या भाषेने तर खोकं मुळातच बंद ठेवलं. बदलायचं असेल तर तसं सांगावं लागतं.

मजकुराचा प्रकार मात्र अजून ठरतोच आहे. ‘मराठी’ या शब्दाची लांबी रस्टला विचारली तर १५ येते, कारण तिथे यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतले बाइट मोजले जातात. पायथन ५ सांगते, काने-वेलांट्या वेगळ्या धरून. स्विफ्ट ही भाषा ३ सांगते, आपल्या डोळ्याला दिसतात तितकी. ‘शिक्षण’मध्ये मात्र डोळ्यासारखं मोजणाऱ्या नियमांनाही क्ष हे दोन तुकडे वाटत आणि उत्तर ४ येई. युनिकोड या जगभरच्या लिपींच्या प्रमाणाच्या २०२३ च्या १५.१ आवृत्तीमध्ये देवनागरी जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम आला. त्यामुळे हा शब्द तीन अक्षरांचा की चार, हे आजही आपल्या यंत्रावर युनिकोडची कोणती आवृत्ती आहे यावर ठरतं.