गहू, रुपये आणि मोल्सवर्थ : विद्यापीठीय ग्रंथसंग्रहांच्या जतनाला पैसा कुठून आला?

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर उघडणारा मराठी वाचक खरे तर अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाच्या दारात उभा असतो. मुंबईत १८५७ साली छापलेल्या त्या दुसऱ्या आवृत्तीची तिथे नुसती छायाचित्रे नाहीत. एकेक नोंद टंकून शब्दागणिक शोधता येईल अशी ठेवली आहे. शेजारीच य. रा. दाते प्रभृतींचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, वझे यांचा कोश आहे, शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. हे सगळे विनामूल्य आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे काम उभे राहिले, त्याला मुख्य आधार अमेरिकी सरकारच्या शिक्षण खात्याच्या अनुदानाचा होता.

मराठी कोशासाठी अमेरिकी करदात्याने पैसे का मोजावेत, हे शोधत मागे गेले की आपण गव्हाच्या पोत्यांपाशी येऊन पोचतो.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत धान्य कोठारांत मावत नव्हते आणि भारताकडे ते विकत घ्यायला डॉलर नव्हते. १० जुलै १९५४ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. 'पी. एल. ४८०' या नावाने तो आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. या कायद्यामुळे भारताला धान्याची किंमत रुपयांत चुकती करता आली. रेशनवरचा तांबडा गहू ज्यांनी खाल्ला, त्यांना तो अजून आठवतो. त्या गव्हापोटी दिलेले रुपये मात्र भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साठत गेले. एवढ्या रुपयांचे करायचे काय, हा त्या सरकारपुढेही प्रश्नच होता. १९५८ मध्ये मिशिगनचे लोकप्रतिनिधी जॉन डिंगेल यांनी एक दुरुस्ती मंजूर करून घेतली : या पैशातून लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने, त्या त्या देशातली पुस्तके विकत घ्यावीत आणि अमेरिकेतल्या ग्रंथालयांना वाटावीत.

१९६२ पासून दिल्लीच्या कचेरीतून हे काम सुरू झाले. भारतात, जवळपास सर्व भाषांत, छापल्या जाणाऱ्या पुस्तकांतून निवड होई, एकेका पुस्तकाच्या अनेक प्रती घेतल्या जात आणि शिकागो, बर्कली, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांकडे रवाना होत. आलेल्या पुस्तकांची यादी नियमित छापली जाई. विद्यापीठांना त्यासाठी नाममात्र रक्कम भरावी लागे. मराठीतल्या कादंबऱ्या, कवितासंग्रह, चरित्रे, सरकारी अहवाल, नियतकालिके सगळे या वाटेने गेले. साठ-सत्तरच्या दशकांतली एखादी छोटी कादंबरी तालुक्याच्या वाचनालयातून केव्हाच रद्दीत गेलेली असते आणि शिकागोच्या फडताळात व्यवस्थित नोंद होऊन उभी असते, ते यामुळे.

१९५८ सालीच अमेरिकेत आणखी एक कायदा झाला, तो राष्ट्रीय संरक्षणासाठीच्या शिक्षणाचा. आदल्या वर्षी रशियाने स्पुटनिक सोडला होता आणि जगाच्या भाषा आपल्याला येत नाहीत ही धास्ती अमेरिकेने घेतली होती. या कायद्याच्या सहाव्या प्रकरणातून विद्यापीठांत परभाषांची केंद्रे उभी राहिली. दक्षिण आशियाई केंद्रांत मराठी शिकवली जाऊ लागली. पुढे ते प्रकरण उच्च शिक्षण कायद्यात गेले. १९९८ च्या सुधारणेत त्यात परदेशी माहिती नव्या तंत्राने उपलब्ध करून देण्यासाठी अनुदानाचे एक कलम आले आणि शिकागोचा कोशप्रकल्प त्याच कलमाखाली बसला. एका कायद्याने पुस्तके तिकडे नेली, दुसऱ्याने ती वाचणारी माणसे घडवली. मराठीचे भले व्हावे हा दोन्हींचा हेतू नव्हता. तरी भले झाले, आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

रुपये कायमचे पुरणारे नव्हते. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी १६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला परत दिला, तो त्या काळात जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजला. पुस्तकांसाठी बाजूला ठेवलेला हिस्साही ऐंशीच्या दशकात संपला आणि ग्रंथालयांना स्वतःच्या खिशातून डॉलर मोजावे लागले. ज्यांना खरी गरज होती ती विद्यापीठे टिकली, बाकीच्यांनी खरेदी आखडती घेतली.

तोवर दुसरेच संकट लक्षात आले होते. गोळा केलेली पुस्तके फडताळातच मरत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागद चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला. शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ घातली जाई. या तुरटीतून आम्ल तयार होते आणि कागदाचे तंतू आतून तुटत जातात. ग्रंथालयातली परीक्षा अगदी साधी असते. पानाचा वरचा कोपरा एकदा पुढे दुमडायचा, मग मागे. धड कागदाला काही होत नाही. आजारी कागदाचा कोपरा दुसऱ्या-तिसऱ्या घडीला हातात येतो. असे पुस्तक नीट उघडले तरी शिवणीपाशी तडकते आणि टेबलावर तपकिरी चुरा उरतो. त्याला पुन्हा बाइंडिंग करता येत नाही, कारण सुई जिथे टोचावी तिथेच कागद फाटतो. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची ओल, मार्च-एप्रिलची आग आणि कसर यांची भर. सुती चिंध्यांच्या कागदावरची दोनशे वर्षांची पोथी म्हणूनच धडधाकट असते आणि १९२५ ची कादंबरी हात लावू देत नाही.

व्हर्जिनियातले विल्यम बॅरो यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस या दुखण्याचे मोजमाप केले. १९०० ते १९४९ मधली पुस्तके तपासून त्यांनी दाखवले की त्यांतल्या बहुतेकांचा कागद पुढचे अर्धशतकही धड काढणार नाही. या संशोधनाचा खर्च ग्रंथालयविषयक एका परिषदेने केला होता. फोर्ड प्रतिष्ठानच्या पैशातून ती १९५६ मध्ये उभी राहिली होती. सरकार जागे व्हायला मात्र आणखी तीस वर्षे गेली. १९६५ मध्ये मानव्यविद्यांसाठी अमेरिकेने राष्ट्रीय निधी स्थापला होता. १९८५ मध्ये त्यात जतनाचे स्वतंत्र कार्यालय झाले आणि दशकाच्या अखेरीस अमेरिकी संसदेने मोठी रक्कम देऊन आराखडा मंजूर केला : वीस वर्षांत तीस लाख ग्रंथांच्या मायक्रोफिल्म, म्हणजे पानांची अगदी बारीक छायाचित्रे घेतलेल्या फिती.

याच ओघात भारतीय पुस्तकांचेही मायक्रोफिल्मिंग झाले. साहित्य अकादमीने १९०१ ते १९५३ मधल्या पुस्तकांची राष्ट्रीय ग्रंथसूची केली होती. ती हाताशी धरून कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासारख्या ठिकाणची पुस्तके दिल्लीत फिल्मवर घेतली गेली. शिकागोच्या संशोधन ग्रंथालय केंद्रात १९६७ पासून दक्षिण आशियाई मायक्रोफिल्मांचा सहकारी प्रकल्प चालू होता, त्याचा या कामात मोठा वाटा. पन्नास-साठ वर्षांची छापील मराठी अशी एका डब्यात बंद झाली. मायक्रोफिल्मवर पुढे अमेरिकेत कडाडून टीकाही झाली. फिल्म नीट काढता यावी म्हणून अनेक ठिकाणी पुस्तकांची शिवण कापली गेली आणि मूळ प्रती टाकून दिल्या गेल्या. ही टीका रास्त होती. मूळ प्रत हा पुरावा असतो, आणि जतनासाठी आलेल्या पैशातून तो नष्ट व्हावा हे फार वाईट झाले.

त्या मानाने तमिळचे उदाहरण वेगळे. कोट्टैयूरचे रोजा मुत्तय्या यांनी आयुष्यभर जुनी पुस्तके, नाटकांच्या जाहिराती, मासिके जमवली. १९९२ मध्ये ते गेले. १९९४ मध्ये शिकागो विद्यापीठाने तो संग्रह विकत घेतला, पण अमेरिकेला नेला नाही. चेन्नईतच ग्रंथालय उभारले, तिथेच माणसे प्रशिक्षित केली आणि तिथेच मायक्रोफिल्म काढल्या. शिकागोचे ग्रंथपाल जेम्स नाय यांचा या योजनेत पुढाकार होता. परक्या पैशाचा याहून चांगला विनियोग माझ्या तरी माहितीत नाही. मराठीतही असे वेडे संग्राहक होऊन गेले, पण त्यांच्या घरातून विद्यापीठापर्यंतचा रस्ता कोणी बांधला नाही.

आपल्याकडे पैसा आलाच नाही असे नाही. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभे राहिले. १८६४ मध्ये त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. हा पैसा कापसाच्या तेजीचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस थांबला आणि मुंबईची चांदी झाली. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि प्रेमचंदही त्यात सापडले, पण देणगी शाबूत राहिली. गव्हाच्या शंभर वर्षे आधीही अमेरिकेतल्या घडामोडींनीच एका ग्रंथालयाला हात दिला होता. राजाबाई टॉवरसह ती इमारत २०१५ मध्ये पुन्हा झळाळली, टाटा उद्योगसमूहातल्या कंपनीच्या सुमारे चार कोटींच्या मदतीतून. ते काम उत्तम झाले. पण इमारतीला देणगीदार मिळतो तसा आतल्या कपाटांतल्या चुरा होणाऱ्या पुस्तकांना मिळत नाही, हा अनुभव महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या ग्रंथालयात विचारा. दगडावर नावाची पाटी लागते. आम्ल काढलेल्या पानावर कोणाचे नाव लावणार?

विद्यापीठ अनुदान आयोगाचा पैसा मुख्यतः नव्या पुस्तकांना, इमारतींना आणि १९९१ नंतर विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटमार्फत संगणकीकरणाला गेला. त्यातून सूची संगणकावर आल्या, पुढे शोधगंगा या संकेतस्थळावर प्रबंध आले. हे मोलाचे होते, पण संशोधनाच्या सोयीसाठी. जुन्या छापील संग्रहाची शुश्रूषा त्यात बसत नव्हती.

मग आली 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'. कार्नेगी मेलन विद्यापीठातले राज रेड्डी यांची दहा लाख पुस्तके स्कॅन करण्याची कल्पना, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे यंत्रसामग्रीसाठी अनुदान, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे नेतृत्व आणि भारत सरकारचा मनुष्यबळावरचा खर्च. २००० नंतरच्या दशकात देशभर स्कॅनिंग केंद्रे चालली आणि मराठीची हजारो पुस्तके त्यात आली. ती वापरणाऱ्या प्रत्येकाला दोष ठाऊक आहेत : मधलीच पाने गायब, काही पाने तिरकी, मराठी पुस्तकाचे नाव रोमन लिपीत असे काही लिहिलेले की शोधताना चार-पाच प्रकारे स्पेलिंग करून पाहावे लागते. कारण उघड आहे. पैसा पानांच्या संख्येवर होता, तपासनीसावर नव्हता. २०१७ च्या सुमारास कॉपीराइटच्या कारणावरून ते संकेतस्थळ बंद पडले. कार्ल मालामूद या अमेरिकी कार्यकर्त्याने त्याआधी चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर चढवून ठेवल्या होत्या म्हणून त्या आज मिळतात. सरकारी पैशाने झालेले काम एका खासगी माणसाच्या धडपडीने वाचले.

इथेच या सगळ्या अनुदानांचे मूळ दुखणे दिसते. अनुदान दोन-तीन वर्षांचे असते. त्यात स्कॅनर येतो, कंत्राटी मुले येतात, उद्घाटन होते. मुदत संपली की मुले जातात, हार्ड डिस्क कपाटात राहते आणि स्कॅनरच्या दुरुस्तीला पैसे नसतात. जतन मात्र दर पावसाळ्यात करावे लागते. कायम नेमणुकीचा ग्रंथपाल, एक बाइंडर, डिजिटल प्रती दर काही वर्षांनी नव्या साठ्यावर हलवणारा एक तंत्रज्ञ, एवढ्यांचा पगार देणारी योजना क्वचितच सापडते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत ग्रंथपालांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. अशा ठिकाणी अनुदानाचा अर्ज तरी कोणी लिहायचा?

परक्या पैशाचा भरवसाही आता ओसरला आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या मानव्यविद्या निधीने मंजूर झालेली १४०० हून अधिक अनुदाने मध्येच रद्द केली. त्यावर तिथे न्यायालयीन लढे सुरू झाले.

त्याच वर्षी १ फेब्रुवारीला आपल्या अर्थसंकल्पात चांगली बातमी होती. २००३ पासूनच्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानाच्या जागी 'ज्ञानभारतम्' आले, एक कोटीहून अधिक हस्तलिखिते कवेत घेण्याचे लक्ष्य ठरले आणि तरतूद साडेतीन कोटींवरून ६० कोटींवर गेली. पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणी याचा निश्चित उपयोग होईल. पण हस्तलिखित कशाला म्हणायचे, याची जुन्या अभियानाने केलेली व्याख्या काटेकोर आहे : हाताने लिहिलेले आणि किमान ७५ वर्षे जुने. छापील ग्रंथ त्यात बसत नाहीत, शिळाछापही, म्हणजे दगडावरून छापलेले पुस्तकही, बसत नाही.

गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग काढले. तेव्हापासून १९५० पर्यंतचे मराठी छापील वाङ्मय, शाळेची क्रमिक पुस्तके, 'ज्ञानप्रकाश'सारखी वर्तमानपत्रे, गावोगावच्या छापखान्यांतली चोपडी, हे सगळे या व्याख्येच्या बाहेर राहते. यातला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचा भाग नेमका त्या आम्लयुक्त कागदावर आहे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणले, गोखले अर्थशास्त्र संस्थेने आपल्या ग्रंथालयातली जुनी पुस्तके सर्वांसाठी खुली केली, पण छापील मराठीसाठी दरवर्षी हमखास येणारा, माणसांचे पगार देणारा निधी आज नाही. एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथपालाला शिळाछापाची कपाटे वाचवायची असतील, तर त्याला बहुधा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दप्तरांच्या योजनेकडे अर्ज करावा लागेल. ती २००४ पासून आर्केडिया या खासगी निधीवर चालते आणि मूळ वस्तू त्या देशाबाहेर जाता कामा नये, ही तिची अट आहे.